अप्पांच्या फोटोला हार

आमच्या फिल्मच्या पहिल्याच सीनला कॉलेजात बक्षीस मिळालं.

हे वाक्य वाचलंच नाही असं धरा. बक्षीस नाही, सीन नाही, आम्ही फिल्म कधी काढलीच नाही.

बाकीचं मात्र खरं आहे. थेरगावात, डांगे चौकाच्या मागे, आमच्याच घरात घडलंय. याच महिन्यातला पहिला मंगळवार. भर दुपारी. भुतांनाही हल्ली शिफ्ट असते.

सीन साधा होता. मुलगी वारलेल्या वडिलांच्या फोटोसमोर रडते. कपडे ठरले, स्वरूपाला पांढरा ड्रेस. सेट ठरला, आमची भिंत आणि चंदनाचा हार.

अडलं फक्त मेलेल्या माणसावर.

"नेटवरचा फोटो नको," डायरेक्टर मैत्री म्हणाली. "मेलेला ओरिजिनल वाटला पाहिजे."

"आमच्या अप्पांचा आहे ना," मी वडिलांचं नाव पुढे केलं. "कंपनीच्या आयकार्डासाठी काढलेला. त्यात ते आधीपासूनच गेलेले वाटतात."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

"प्रज्वल, त्यांना विचारलंस?"

"आत्ताच चाकणला गेलेत, दुसऱ्या पाळीला. कळणार कुणाला?"

हार घातला. स्वरूपा रडायला लागली. मी हेडफोन लावून आवाज घेत होतो. तिच्या हुंदक्यांमागे...

खोकला.

अप्पांचा.

मी खोलीभर पाहिलं. कुणीच नाही. मग गॅलरीच्या कठड्यावर...

कावळा. फोटोकडे टक लावून.

मैत्री खूश. "फुकटात आला रे! घे, घे!"

ऊन उतरायच्या आत दार वाजलं. अप्पा. डबा तसाच भरलेला.

"गेटवरचं हजेरीचं मशीन तोंडच वळखंना," ते बूट काढत म्हणाले. "लई डाव उभा ऱ्हायलो. सिक्युरिटीवाला म्हणला, काका, तुम्ही दिसतच नाय यात."

मग त्यांनी मान वर केली.

फोटो. हार. उदबत्ती.

स्वरूपा ग्लिसरीन पुसत म्हणाली, "नमस्कार काका."

मी वायर गुंडाळत बसलो. गुंडाळून झालेली पुन्हा गुंडाळली.

ओरडले असते तर बरं झालं असतं. अप्पा पुढे गेले. फोटोची चौकट सरळ केली.

"तिरका लावलाय."

एवढंच.

हार मी तेव्हाच काढला. पवना नदीत सोडला.

मशीन अजून ओळखत नाही. अप्पा समोर उभे राहिले की त्यात फक्त मागची भिंत दिसते. रोज जातात, रोज परत येतात. महिनाअखेरपर्यंत हजेरी लागली नाही तर कामावरून नाव कमी होणार.

आणि घरी डबा उघडला की...

कावळा. आधी तो शिवतो. मग अप्पा जेवतात.

मी हाकलायला उठलो की म्हणतात, "ऱ्हाऊ दे. पोराच्या सिनेमातला हाय."

तरी संबंधित खात्यास नम्र विनंती, की श्री. उद्धवराव ऊर्फ आमचे अप्पा हे हयात असल्याची नोंद घ्यावी, आमच्या गॅलरीतील कावळा परत बोलावून घ्यावा, आणि 'आधीपासूनच गेलेले वाटतात' हे अर्जदाराचे वाक्य बोलले गेलेच नाही असे धरावे.