वाढलेल्या ताटांची मोजदाद

"थांबा भावजी... तो नारळ फोडू नका!"

रुद्राणीच्या तोंडून शब्द निसटले. दारात जीप उभी, धाकटा दीर नागप्पा पायाभरणीचा नारळ घेऊन निघालेला, सासरे गुरुबसप्पा कपाळी विभूती लावून फेटा बांधताहेत... आणि अशा मुहूर्ताला घरातली विधवा सून आडवी येते! सासऱ्यांनी तिच्याकडे मान वळवून पाहिलंदेखील नाही. दहा वर्षांत ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं झालं तर भिंतीकडे बघून सांगत आणि तिनं ते ऐकून घ्यायचं.

लातूरचा जिल्हा होऊन सहा महिने लोटले होते. गावात जो तो काहीतरी नवं उभारायच्या घाईत, आणि पावसानं मात्र दुसऱ्या वर्षी डोळे वटारलेले. गुरुबसप्पांनी डाळमिल काढायचं ठरवलं ते चाकूरला, थोरल्या लेकाच्या, म्हणजे रुद्राणीच्या गेलेल्या नवऱ्याच्या, मन्मथच्या वाटणीच्या जागेवर. पंचांनी फार समजावल्यावर ती मिल रुद्राणीच्या नावावर करायलाही ते राजी झाले होते. म्हणजे आज त्या पोरक्या जिवाला हक्काचं काहीतरी मिळणार होतं, आणि तीच नको म्हणत होती!

"वैनी, मिल तुमचीच हाय की," नागप्पा चक्रावला. "सोताच्याच ताटात माती कालवायलाव का?"

"ती चालायची न्हाई, भावजी." तिनं पदराआडून जुन्या कॅलेंडरच्या पानांची जाडजूड चळत काढली. "ह्ये बगा..."

घरच्या धान्याच्या आडतीवर माल घेऊन आलेला गाडीवान उपाशी माघारी जाऊ द्यायचा नाही, ही या घराची रीत. रुद्राणी लग्न होऊन आली तेव्हापासून वाढायचं काम तिच्याकडे. वाढता वाढता ती विचारायची, कुठलं गाव, काय माल, विहिरीला पाणी किती परस, म्हणजे किती पुरुष खोल... आणि हात धुऊन झाले की कॅलेंडरच्या पाठीवर टिपून ठेवायची. मन्मथला त्याचं केवढं कौतुक! पण बहात्तरच्या दुष्काळात तो तूर बघायला म्हणून लोह्याकडे गेला, वाटेत ट्रक उलटला... "हिच्या मोजण्यापायी माझा लेक गेला!" तिच्या आकड्यांवरूनच तो तिकडे गेला असं धरून गुरुबसप्पांनी टाहो फोडला आणि त्या दिवसापासून घरात मोजायची बंदी झाली. ती मोजत राहिली, मनातल्या मनात, आणि दुपारी सगळे लवंडले की कागदावर.

"चाकूरकडच्या अकरा गावांची तुरीची माणसं," तिचा आवाज थरथरत होता, पण आकडे थरथरत नव्हते, "परवाच्या साली या महिन्यात दोनशे चाळीस जेवली. गेल्या साली एकशे दहा. औंदा एकतीस! पाणी चार परसांवरून नऊ परसांवर गेलंय. तूर भिजवायला पाणी कुठलं, आन् तूर तरी कुठली? उदगीरकडची ताटं मातर दर साली वाढायलीत. मिल तिकडच्या रस्त्याला घाला."

उदगीर रस्त्याची जागा नागप्पाच्या नावची होती. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे!

गुरुबसप्पा हात पुढे करून उभे राहिले. त्यांनी ती पानं ओढून घेतली, चष्मा लावला आणि खाली बसले. एक पान, दुसरं पान... हाळी, वाढवणा, जानवळ, नळेगाव! तेरा वर्षांची गावंच्या गावं त्या चिमुकल्या अक्षरांत नांदत होती. कुठली विहीर कोणत्या महिन्यात आटली, कुठल्या गावानं तूर सोडून ज्वारी धरली, कुठली माणसं ऊसतोडीला निघून गेली... चाळीस वर्षं गादीवर लोडाला टेकून त्यांना जे दिसलं नव्हतं, ते या पोरीनं चुलीपुढून पाहिलं होतं! देवाच्या गाभाऱ्यात बोलावं तसं ते हळूच पुटपुटले, "बसवेश्वरा...! सगळा मुलूखच हाय की ह्येच्यात."

आणि मग त्यांचा हात एका पिवळ्या पानावर थबकला. रुद्राणी धावली. घाईघाईत ते पान बाजूला काढायचं राहूनच गेलं होतं!

"लोहा — ताटं शून्य. जाऊ नये." हे तिचं अक्षर. त्याखाली मन्मथचं, "रुद्राणी नको नको म्हणते. तरी मी बघून येतोच."

"ह्ये... तू त्येला अडवलं हुतंस?" दहा वर्षांनी ते तिच्याशी बोलले. "मंग दाखवलं का न्हाईस, पोरी? दहा वर्सं बोल का सोसलास?"

"दाखवलं असतं तर तुमच्या लेकाला बोल लागला असता, मामंजी." तिचे डोळे वाहू लागले. "मला लागला तर लागला... मी इथं होते सोसायला."

गुरुबसप्पांनी चष्मा काढला आणि लहान मुलासारखे ते हमसून हमसून रडले. नागप्पानं नारळ खाली ठेवला आणि जीपवाल्याला हातानंच जा म्हणून खुणावलं.

तेवढ्यात अंगणात बैलगाडी येऊन थांबली. उदगीरकडचा गाडीवान हातपाय धुऊन पंगतीच्या जागी बसला. रुद्राणी डोळे पुसून भाकरीची टोपली घेऊन आली, तर सासरे तिच्याआधीच मांडी घालून बसले होते, गुडघ्यावर कोरा कागद आणि हातात पेन्सिल घेऊन.

"तू इचार, माय," ते म्हणाले. "म्या लिहून घेतो."