जात्याचा घास

जरा जवळ सरकून बसा. वीज काही लवकर यायची नाही, कंदिलाची वात मोठी करतो. हल्ली माझा आवाज लांब पोचत नाही, आणि ही गोष्ट दोनदा सांगण्याची माझ्यात ताकद नाही. आत कोण गातंय म्हणून विचारलंत ना? ते शेवटी सांगतो.

एकोणऐंशी सालचा कार्तिक होता. मी मच्छे गावातल्या एका कारखान्यात लेथ यंत्रावर होतो, राहायला इथंच, खासबागेत. माझा दोस्त शामू गिटार वाजवायचा. गोव्याला जाणाऱ्या गाडीत त्याला केस वाढवलेले गोरे भेटायचे. त्यांच्याकडून त्यानं एक कॅसेट मिळवली होती. त्यांच्या मुलखातली खेड्यापाड्यांची जुनी गाणी, पण गिटारचा एकेक सूर असा लांबवलेला की ऐकता ऐकता खोलीच्या भिंती मागं सरकायच्या.

"ही थंडीची गानी हैत बग," शामू म्हणायचा. "धुकं पडल्याबिगर ह्येंची गोडी कळत न्हाय."

असंच काहीतरी आपल्या ओव्यांवर करायचं, हा त्याचा ध्यास. मीही नादी लागलो, आणि त्या नादातच माझ्या हातून घोटाळा झाला.

माझी आई, अक्काताई, आदल्या वर्षी गेली होती. तिच्या ओव्या मी एका कॅसेटवर धरून ठेवल्या होत्या. तिचं तेवढंच मागं उरलं होतं, फोटोसुद्धा नव्हता. एका रविवारी शामूचं वाजवणं टेप करायला कॅसेट घातली, लाल बटण दाबलं. तासाभरानं कळलं, ती आईची कॅसेट होती. मी लहान पोरासारखा रडलो.

शामूच म्हणाला, "गुंजीची शालूमावशी तुज्या आईच्या जोडीनं दळायची न्हवं? तिला समद्या ओव्या येत असतील की."

सकाळच्या पॅसेंजरनं गुंजीला उतरलो. धुकं इतकं दाट की स्टेशनची पाटी अगदी जवळ गेल्यावर वाचता आली. वाटेभर ओल्या पेंढ्याचा वास. मावशी पडवीत बसली होती. मी सगळं सांगितलं, तसे तिचे डोळे भरून आले.

"येकटीला ओवी येत न्हाय रं, परशा. जात्याच्या पल्याड कुनीतरी बसाय लागतंय."

"मी बसतो. तू म्हण, मी मागं सूर धरतो."

तिनं सुपात नाचणी आणली. शामूनं थोडं टेप करून पाहिलं आणि मान हलवली. दाण्यांची खरखर सगळ्यावर चढत होती.

"मावशी, नाचणी नगं. रिकामंच वढा. नुसती घरघर लई ग्वाड येतीया."

मावशीचा हात खुंट्यावर थांबला. "रिकामं जातं वढत न्हाईत, लेकरा. त्येला घास लागतो. आपुन दिला न्हाय, तर त्येचं त्ये घेतंय."

मला तर आईची ओवी स्वच्छ हवी होती. मी हसून म्हणालो, "मग घास म्हणून माझा आवाज घाल की."

मावशी हसली नाही. "अक्कासाठनं वढते," एवढंच म्हणाली.

मी टेपवर सांगितलं, "गुंजी, कार्तिक महिना. परशराम बोलतोय." आणि खुंट्याला हात घातला.

जातं फिरायला लागलं. दगडाची घरघर, तिच्यावर मावशीची ओवी, खाली माझा सूर. शामू डोळे मिटून एकच तार छेडत होता. हळूहळू सगळं लांब गेलं. पडवी मोठी झाली, धुकं आत आलं, आणि दारातला उन्हाचा कवडसा होता तिथंच थांबून राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. जातं मात्र हलकं होत चाललं होतं. खुंट्यावर आता माझा, मावशीचा आणि... आणखी एक हात असावा, इतकं हलकं.

मी वर पाहिलं. मावशीचं तोंड बंद होतं. गालावरून पाणी वाहत होतं. आणि ओवी चालूच होती.

आईचा आवाज होता तो.

दळिते दळण, जात्याचं पोट खोल
परशरामा माझ्या, नको घालू तुझा बोल...

तिनं मला बजावलं होतं हो! पण मी सूर सोडला असता, तर ती थांबली असती. मी सोडला नाही. घशात काहीतरी बारीक बारीक होत होतं, तरीही मी गात राहिलो.

कॅसेटची बाजू संपली, बटण खटकन वर आलं. शामूनं डोळे उघडले. "मावशी, काय ग्वाड म्हनलीस गं तू!" त्याला काहीच कळलं नव्हतं. मावशीनं जात्याकडं बोट दाखवलं. रिकाम्या जात्याभोवती पिठाची बारीक कड पडली होती. पीठ अजून ऊन होतं.

ती कॅसेट माझ्याजवळ आहे. धुकं पडलं की मी लावतो. दर वेळी आई आणखी स्वच्छ ऐकू येते, आणि सुरुवातीचं "परशराम बोलतोय" आणखी पुसट. दर वेळी टेपरेकॉर्डरच्या झाकणात चिमूटभर पीठ सापडतं. डॉक्टरांनी आरसा घालून घसा तपासला. म्हणाले, काही नाही. कारखान्यात माणसं कानाला हात लावून "काय?" म्हणायला लागली, तेव्हा मी लेथ सोडला. लावायची नाही अशी शपथ दरसाल घेतो. पण आई आहे ना तिथं. कसं राहवेल?

पीठ फेकवेना, म्हणून एका डब्यात साठवत आलो. सात वर्षांत डबा भरला. परवा मी बाहेर असताना जयाबाईनं, माझ्या बायकोनं, घरातलं पीठ संपलं म्हणून त्या डब्यातल्या पिठाच्याच भाकरी केल्या आणि खाल्ल्या.

तिनं आईला कधी पाहिलं नव्हतं. कॅसेटही मी तिच्यासमोर कधी लावली नाही.

मघाशी तुम्ही विचारलंत, आत कोण बाप्या माणूस ओवी म्हणतोय, आवाज मोठा भरदार आहे... घरात आम्ही दोघंच असतो. जयाबाई तांदूळ निवडतेय.

आणि तो आवाज मी ओळखतो. एकोणऐंशी सालापर्यंत तो माझा होता.