पिवळी पडलेली चकती

प्रयोगशाळेच्या दारातच दोघांची धडक झाली. तिची वही खाली पडली. त्याने मात्र हातातली काचेची नळी छातीशी धरून वाचवली.

"वही झेलायची सोडून नळी सांभाळलीत?"

"वही पडली तरी फुटत नाही, मॅडम."

तो काचकाम करायला नवीनच आला होता. त्याच्या टेबलाशी आधी तिचे बाबा बसत. त्यांना जाऊन चार महिने झाले होते. त्यांनी केलेली सच्छिद्र काचेची एकच चकती आता उरली होती. नाण्याएवढी चकती, पण आत डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं. त्यांतून कुठला वायू किती वेगाने पार होतो, हे ती मोजत होती. हलका वायू चटकन जाई, जड वायू रेंगाळे.

दर नव्या वायूच्या वेळी चकती काढून पुन्हा बसवावी लागे. ते काम त्याचं. पण तो अधेमधेही येऊ लागला, जोडणी तपासायला म्हणून.

"रोज काय तपासता? जोडणी पळून जाणार आहे का?"

"जोडणीचा भरवसा आहे. तुम्ही चहाला कधी उठाल, त्याचा नाही..."

ती वहीत बघून हसली.

तिसऱ्या आठवड्यात आकडे घसरले. हेलियमसुद्धा रांगायला लागला.

"तुमची जोडणी गळतेय," ती म्हणाली.

"गळली असती तर वायू जास्त गेला असता. इथे तर कमी जातोय."

त्याचं बरोबर होतं, म्हणून तिला जास्तच राग आला. तिने चकती काढून उजेडात धरली. पिवळट! ही काच हवेतली वाफ टिपकागदासारखी शोषून घेते. भोकं बुजली होती. पण कशाने? तिने वास घेतला, मग त्याच्याकडे पाहिलं.

"सेंट लावता?"

"तीन आठवडे झाले."

"कशाला?"

"भट्टीपाशी घाम येतो... आणि मग तुमच्याजवळ बसायचं असतं."

एरवी ती हसली असती. "बाबांच्या हातची ही शेवटची आहे," एवढंच ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "पेरॉक्साइडमध्ये तापवली की डाग जातो. घाई केली तर तडकते. मी करू — की दुसऱ्या कुणाला देता?"

 तिने चकती त्याच्या तळहातावर ठेवली.

दुपारभर तो भांड्यापाशी बसून होता, आच कणाकणाने वाढवत.  ती शेजारच्या स्टुलावर बसली. हळूहळू पिवळेपणा गेला, आणि चकती द्रावणात दिसेनाशी झाली.

"आता दोन दिवस सावकाश वाळू द्यायची," तो म्हणाला. "आणि... माझ्याबद्दल काय?"

"विचारलंत कुठे काही?"

"विचारतो. आवडतो का मी?"

"हो."

तिसऱ्या दिवशी हेलियमचा आकडा पूर्वीच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. तिने तो दोनदा तपासला आणि वही मिटली.

"उद्या घरी या. आई विचारेल, काय करता म्हणून. बाबांच्या जागी आलोय, असं सांगू नका."

"मग काय सांगू?"

"स्वतःचं सांगा," ती म्हणाली. "मी तुम्हाला बोलावलंय."