मॉरागबाईंचा टब आणि आबांची गाजरं

शेजारच्या मॉरागबाई गाजरांकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत, तरी त्यांची गाजरं गुळगुळीत. आणि शाल्मलीच्या घरी गाजरांची रोज सकाळी निगा राखली जायची, तरी ती किडकी. असं का, हे कोडं शाल्मलीला पडलं तेव्हा ती दहा वर्षांची होती.

तिची आई समुद्राच्या भरती-ओहोटीवर वीज बनवणाऱ्या केंद्रात इंजिनिअर होती. म्हणून ते सगळे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात राहत. सगळे म्हणजे आई, शाल्मली, आईचे वडील आबा आणि ठकी. ठकी हा गुडघ्याएवढा, चाकांवर चालणारा बागकाम करणारा यंत्रमानव. ठकीच्या पुढच्या टोकाला आबांनी स्वतः बनवलेला गंधसंवेदक (वास ओळखणारं यंत्राचं नाक) होता. आबांनी जन्मभर यंत्रांना वास ओळखायला शिकवलं होतं. पण चार वर्षांपूर्वी एका तापात त्यांच्या स्वतःच्याच नाकातली वासाची जाण गेली, ती परत आली नाही.

त्या वर्षी वहिनींनी, म्हणजे आबांच्या थोरल्या भावाच्या, दादांच्या बायकोने, पाचगणीच्या पठाराखालच्या त्यांच्या गावाहून एक पुडी पाठवली. दादांनी वर्षानुवर्षं राखलेलं गाजराचं बी होतं ते. दादा आता नव्हते, शेत दुसऱ्या कुणी घेतलं होतं, आणि ही शेवटची पुडी होती.

पुडी आली त्या दिवशी आबा जेवताना बोलायचे थांबलेच नाहीत. थंडीत दवाने भिजलेल्या वाफ्यातून दादा गाजरं कशी उपटायचा, ओढ्यात धुऊन गोणपाटावर कशी घासायचा, आणि पाल्याचा वास हाताला कसा दिवसभर राहायचा, हे सगळं त्यांनी सांगितलं. शाळेत पाटी तपासताना गुरुजी म्हणायचे, "आज गाजरं काढली वाटतं." शाल्मलीने ते शेत पाहिलं नव्हतं, पण त्या रात्री झोपताना तिला ते ओळखीचं वाटलं.

अर्धं बी त्यांनी एप्रिलमध्ये पेरलं. ते दाट उगवलं, म्हणून ठकी रोज सकाळी विरळणी (दाट रोपांतली काही उपटून बाकीच्यांना जागा करून देणं) करू लागली. जूनच्या मध्यावर पाला तांबूस पडला. आबांनी एक गाजर उपटलं. त्यात गंजाच्या रंगाचे बोगदे होते, आणि एका बोगद्यातून पिवळट अळी वळवळत बाहेर आली. आणखी सात उपटली, सातही तशीच. आबा पालथ्या बादलीवर बसले आणि बराच वेळ हातावरची माती झाडत राहिले.

मग त्यांनी शाल्मलीला समजावून सांगितलं. हे गाजरमाशीचं काम. ही चकचकीत काळी, पिवळ्या पायांची लहानशी माशी गाजराजवळच्या मातीत अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या गाजर पोखरतात, आणि पोट भरलं की मातीतच कोष (अळीची माशी होईपर्यंतचं बंद घर) करून राहतात.

"पण तिला आपलंच गाजर कसं सापडतं?" शाल्मलीने विचारलं. "मॉरागबाईंचं का नाही?"

आबांनी तिला तिथे जाऊन बघायला सांगितलं. तेव्हा शाल्मली कुंपणापलीकडे गेली. मॉरागबाईंनी आंघोळीचा एक जुना टब विटांच्या थप्पीवर ठेवून त्यात माती भरली होती. टबाची कड शाल्मलीच्या कंबरेला लागत होती. बाई म्हणाल्या, एप्रिलमध्ये चिमूटभर बी टाकते आणि सूप करायची आठवण झाली की टबाकडे वळते, एवढंच. त्यांनी उपटून दिलेल्या गाजरावर एक ओरखडाही नव्हता.

आबांनी ते गाजर फिरवून फिरवून पाहिलं. मग ते आत गेले आणि कपाटातून एक चष्मा घेऊन आले. ठकीच्या नाकाला जे कळायचं, ते या चष्म्यातून रंगात दिसायचं. हिरवा रंग म्हणजे गाजराच्या पाल्याचा वास.

शाल्मलीने चष्मा लावला. वाफ्यावर अगदी विरळ हिरवं धुकं होतं. आबांच्या सांगण्यावरून ठकीने एक रोप उपटलं, आणि तिथून गडद हिरवा लोट उसळला. तो वर गेला नाही. जमिनीलगत पसरत कुंपणाच्या फटीतून पलीकडच्या झुडपांत शिरला. शाल्मली जे दिसेल ते आबांना सांगत राहिली. थोड्या वेळाने त्याच झुडपांतून, त्याच हिरव्या वाटेने एक काळी माशी आली, आणि मागून दुसरी.

"पाला दुखावला की वास सुटतो," आबा हळूच म्हणाले. "आपण रोज सकाळी दुखावत होतो."

ठकीचे हात थांबले. "म्हणजे त्यांना मीच बोलावलं," ती म्हणाली.

"तू नाही, मी," आबा म्हणाले. "काम मी सांगितलं होतं."

पण गाजर उपटताना वास मॉरागबाईंकडेही सुटत असणार. मग तिथे माशी का जात नाही? आबांनी शाल्मलीलाच प्रयोग ठरवायला सांगितलं. तिने एका काठीला तीन चिकट पिवळी कार्डं लावली. एक जमिनीपासून वीतभर, एक गुडघ्याएवढं, एक कंबरेएवढं. तीन दिवसांनी मोजलं. खालच्या कार्डावर सतरा माश्या, मधल्यावर सहा, वरच्यावर एकही नाही. ही माशी उडण्यात कच्ची, जमिनीला धरून जाणारी. टबाची कड तिच्यासाठी डोंगर होती.

शाल्मली धावत जाऊन बारीक जाळीचं कापड घेऊन आली. वाफ्याभोवती लगेच भिंत घालायची होती तिला. आबांनी तिला थांबवलं आणि मातीकडे बोट दाखवलं. त्या मातीत कोष होते. त्यांतून माश्या निघाल्या की त्या भिंतीच्या आतच असणार. चोराला घरात घेऊन कडी लावण्यासारखं झालं असतं. म्हणून वाफा नव्या जागी करायचा होता, परसाच्या दुसऱ्या टोकाला.

वाफा झाला, पण पुडी उघडायला आबांचा हात होईना. हेही गेलं तर दादाचं काहीच उरणार नाही, असं ते म्हणाले. पुडी तशीच ठेवून द्यावी, निदान असेल तरी.

"आबा, ठेवलेलं बी किती वर्षं उगवतं?" शाल्मलीने विचारलं.

आबांनी हातातली पुडी उलटीपालटी केली. "तीन-चार," ते शेवटी म्हणाले. "ठेवलं तरी ते म्हातारं होतंच."

त्यांनी पुडी तिच्या हातात दिली. तिने बी कोरड्या वाळूत कालवलं, म्हणजे ते विरळ पडेल आणि विरळणी लागणारच नाही. अरुंद वाफ्याभोवती तिच्या कंबरेएवढी जाळीची भिंत उभी राहिली. जाळीची खालची कड ठकीने मातीत दाबली, आणि त्यानंतर तिला पाल्याला हात लावायची मनाई झाली. ती रोज फक्त भिंतीभोवती एक फेरी मारायची.

ऑगस्टमध्ये माश्यांची दुसरी पिढी आली. भिंतीच्या बाहेर आणि आत एकेक चिकट कार्ड लावलं होतं, त्यातलं बाहेरचं माश्यांनी काळं झालं. आतल्या कार्डावर दोनच माश्या होत्या. त्या दोन दिसल्यापासून शाल्मलीला घास गोड लागेना. पण जाळी उचकून पाहायचं नाही, असं आबांनी बजावलं होतं.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी वाफा काढला. पहिलं गाजर शाल्मलीने उपटलं. बोटभर लांब, जरा वाकडं, पण बोगदा नाही. चाळीस गाजरांतली तीन किडकी निघाली, बाकी सगळी चांगली. वहिनींना पडद्यावर गाजरं दाखवली तेव्हा त्या पडद्याजवळ सरकून म्हणाल्या, "भावजी, आपलीच आहेत ही." संध्याकाळी मॉरागबाईंना वाटीभर कोशिंबीर गेली. मोहरीच्या फोडणीबद्दल त्यांनी दोनदा विचारलं.

आबांनी त्या दिवशी नऊ गाजरं मुद्दाम जमिनीतच ठेवली, सगळ्यांत जोमदार पाल्याची. शाल्मलीने कारण विचारलं. गाजर पहिल्या वर्षी मुळात अन्न साठवतं, आबांनी सांगितलं, आणि थंडी सोसली की दुसऱ्या वर्षी त्यातूनच दांडा काढून फुलतं. पांढऱ्या छत्रीसारखं फूल येतं आणि त्यात बी धरतं. ते पेरलं की पुन्हा तसंच.

दोघांनी मिळून त्या नऊ रोपांवर गवताचं जाड पांघरूण घातलं. थंडीचा पहिला वारा समुद्रावरून येत होता.

"हे बी धरेल, ते मग पेरायचं, आणि त्याचं पुन्हा बी होईल, तेव्हा तू तेरा वर्षांची असशील," आबा म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"ब्याऐंशीचा," आबा गवत दाबत म्हणाले. "वाफा जरा मोठा करू तेव्हा."