सुगतला रोज सांगावं लागतं

“बाई, या गोल्यात उभं राहून आपुन कुठी हावो, थे तोंडातून काढू नोका.”

नत्थुजींनी हे सांगितलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. माझी धाकटी जाऊ माधवी म्हणते, वर्ष होऊन गेलं तरी तो आवाज कानातून जात नाही.

मी लिहिते आहे ते घडलेलं आहे. रोज देवापुढे बसणारी बाई आहे मी. पोथीवर हात ठेवून सांगते, पदरचा एक शब्द नाही. पटलं नाही तर सोडून द्या. कोणाला पटवायचं त्राण आता आमच्या घरात कोणातच राहिलेलं नाही.

गेल्या वर्षीचा वैशाख. अक्षय तृतीया होऊन दोन-तीन दिवस झालेले. शनिवार होता. माझा उपास होता, म्हणून वार पक्का लक्षात आहे.

जागा अकोला जिल्ह्यातली. हिवरखेडच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याचं एक पडीक वावर.

माधवी जमीन मोजायचं काम करते. अमरावतीत, राजापेठेतल्या एका छोट्या कंपनीत. त्या वावरात सोलारच्या प्लेटा बसायच्या होत्या, त्याची मोजणी. गाडीत तिघं. माधवी, ड्रोन उडवणारा वलगावचा सुगत आणि ड्रायव्हर चंद्रभानभाऊ. सुगत सव्वीस वर्षांचा. हसरा. घरात तो आणि त्याची आई पंचफुलाबाई, दोघंच.

उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीला भेगा पडतात. पाय आत जाईल एवढ्या. त्या वावरातही होत्या.

पण मधोमध तीस-एक पावलांचा एक गोल होता. तिथं गवत नव्हतं. काडीकचरा नव्हता. आणि भेगा...

भेगा त्या गोलाच्या कडेपर्यंत येऊन थांबल्या होत्या. आत एकही नाही.

वावराचे मालक नत्थुजी कडेलाच उभे राहिले. चपला हातात घेऊन.

“काय हाय इथं? देव हाय का?” चंद्रभानभाऊंनी विचारलं.

“देव असता तं नवस घेतला असता,” नत्थुजी म्हणाले. “भूत असतं तं उतारा घेतला असता. हे काहीच घेत नाही. आमच्या पणजाच्याई आधी वरतून पडलं म्हन्तेत. तवापासून बसून हाय.”

“कायच्यासाठी बसून हाय?”

“त्याले ठाऊक नाही का आपुन कुठी येऊन पडलो. थे इचारत राह्यते. आपुन सांगाचं नाही. बस.”

सुगत हसला. “आजोबा, आमी नाही सांगत. आमचं मशीन सांगते. मशीनले तोंड नसते.”

“काय सांगते मशीन?”

आता मोजणीचं यंत्र असं असतं. एक यंत्र तिपाईवर एका जागी बसवतात. त्याला बेस म्हणतात. ते आकाशातल्या उपग्रहांना विचारून आपली जागा पक्की करतं. मग दर सेकंदाला रेडिओवरून तेवढंच सांगत राहतं. मी इथं आहे. मी इथं आहे. दुसरं यंत्र काठीवर घेऊन माणूस बांधाबांधानं फिरतो, आणि त्या सांगण्यावरून मोजणी होते.

सुगतनं म्हाताऱ्याला हे सगळं समजावून सांगितलं. प्रेमानंच.

नत्थुजी गोलापासून मागं सरकले. चपला घातल्या आणि गावाच्या वाटेनं निघून गेले. मागं वळूनही पाहिलं नाही.

बेस कुठं लावायचा, हे ठरवणं माधवीचं काम. बाकी वावरात तिपाईचे पाय भेगांत जात होते. ती सलग नऊ दिवस उन्हात होती. डोकं दुखत होतं. वावर त्या दिवशी संपवायचंच होतं.

ती म्हणाली, “लाव तिथंच.”

हे दोन शब्द ती मला रात्री-अपरात्री उठून सांगते.

सुरुवातीला सगळं छान चाललं. अठ्ठावीस उपग्रह दिसत होते. बेसचा बारीक आवाज येत होता. टिक... टिक... टिक... माधवी आणि चंद्रभानभाऊ काठी घेऊन बांधानं निघाले. सुगतनं ड्रोन वर सोडलं.

मग आधी होले गप्प झाले.

बांधावरच्या बाभळीत सकाळपासून घुमत होते. एकदम बंद.

माधवीनं हातातल्या स्क्रीनकडे पाहिलं. एकोणीस उपग्रह. मग अकरा. मग चार...

मग एक.

एका उपग्रहावर जागा कधीच मिळत नाही. निदान चार लागतात. पण स्क्रीनवर जागा पक्की असल्याचं दाखवत होतं. तो एकच जो काही होता, तो बरोबर त्यांच्या डोक्यावर होता.

तिनं वर पाहिलं. पांढरं आभाळ. काही नाही.

“बाई,” चंद्रभानभाऊ हळू म्हणाले, “आवाज आयका.”

टिक...

आणि त्याच्या पाठोपाठ, अर्ध्या सेकंदानं...

टिक.

कोणीतरी ओ देत होतं.

“सुगत, ड्रोन उतरव,” माधवीनं हाक मारली.

त्यानं घरी परतायचं बटण दाबलं. ते दाबलं की ड्रोन जिथून उडालं तिथं परत येतं. अर्धवट बॅटरीवरही येतं.

ड्रोन वर जायला लागलं.

सरळ वर. शंभर मीटर. चारशे. अकराशे. सुगत बटण दाबतच होता. “मॅडम, थे घरीच चाललं म्हणते. पण वर चाललं.” ठिपका झाला. मग ठिपकाही नाही. स्क्रीनवरचा आकडा मात्र वाढतच राहिला.

“बेस बंद कर,” माधवी म्हणाली. ती स्वतः बांधावर होती, लांब. सुगत जवळ होता.

तो धावत गोलात गेला. बटण दाबलं.

बेसचा टिक थांबला.

दुसरा थांबला नाही.

सुगत तसाच उभा होता. पाठमोरा. मग तो वळला आणि त्यानं अगदी साधेपणानं विचारलं,

“मॅडम, आपण कुठं आहो?”

अंधारात पायरी चुकली की माणूस कसं करतो, तसं तो पायानं जमीन चाचपत होता. जमीन त्याच्या पायाखालीच होती. त्याला सापडत नव्हती. तो खाली बसला, आडवा झाला आणि दोन्ही हातांनी ढेकळं धरून ठेवली. पडू नये म्हणून.

चंद्रभानभाऊंनी त्याला ओढून बाहेर काढलं. तेवढ्यात मागं आवाज झाला.

फट्ट... फट्ट... फट्ट...

गोलात भेगा पडत होत्या. एकामागून एक. पाच मिनिटांत तो तुकडा बाकीच्या वावरासारखाच दिसायला लागला.

“निंगून गेलं बाप्पा,” चंद्रभानभाऊ म्हणाले. दुसरा टिक कधी थांबला, ते दोघांनाही सांगता येत नाही.

सुगतला आधी अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. सलाईन लावलं. सगळे फोटो काढले डोक्याचे, काही निघालं नाही. तो सीटला गच्च धरून बसायचा आणि तेच विचारायचा.

परत येताना मूर्तिजापूरच्या पुढे माधवीला राहवलं नाही. तिनं त्याचा हात धरला. “सुगत, आपण गाडीत आहोत. मूर्तिजापूर गेलं. आता बडनेरा येईल. मग अमरावती. मग तुझं वलगाव.”

त्याची बोटं सुटली. तो पहिल्यांदा पाणी प्याला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पंचफुलाबाईंनी सांगून पाहिलं. मामांनी सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं. विहारात नेलं, भन्तेजींनी मायेनं हात धरून सांगितलं. त्याला कोणाचंच पोचेना. माधवीनं सांगितलं की पोचायचं. का, ते मला माहीत नाही. बेस लावायला तिनं सांगितला होता, एवढंच मला माहीत आहे.

ते एका दिवसापुरतं टिकतं. मग पुन्हा सांगावं लागतं.

तिनं त्याच्या आईसमोर शब्द दिला. “मी रोज येईन, सुगत. तुला सांगेन.”

तेव्हापासून रोज चारला ती जाते. राजापेठेतून वलगाव. उन्हात, पावसात, ताप अंगात असताना. दिवाळीच्या दिवशीही. फिरतीचं काम सोडून आता ऑफिसात बसून नकाशे करते. हाडं दिसायला लागली आहेत तिची. मी तिला म्हणते, देवाचं व्रत असतं तर उद्यापन तरी असतं. ती हसते. पंचफुलाबाई तिला चहा देतात, आणि तिलाच समजावतात. “माय, तुह्यावर राग नाही. माह्या पोराचं नशीब.” हे ऐकून येते त्या दिवशी ती जेवत नाही.

इतकंच असतं तर मी लिहिलं नसतं.

तीन आठवड्यांपूर्वी पंचफुलाबाईंच्या कोंबड्या अंगणात यायच्या बंद झाल्या. रस्त्यापलीकडे बसतात. दाणे टाकले तरी येत नाहीत.

त्याच आठवड्यात माधवीनं नेहमीसारखं सांगितलं. “सुगत, तू वलगावात आहेस. आईच्या घरी. खाटेवर.” तो शांत झाला. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला,

“मॅडम, हळू सांगत जा. थेई आयकून राह्यलं.”

“कोण?”

“आधी लय दूर होतं. रोज तुमी सांगता, रोज थोडं जवळ येते. त्याले अजून सोताची जागा समजली नाही वाटते. माही समजते.”

माधवी घरी येऊन देवघराच्या उंबऱ्यावर बसली. म्हणाली, “ताई, सांगितलं तर ते येतं. नाही सांगितलं तर हा पडतो. मी काय करू?”



दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. एकच दिवस.

सकाळी पंचफुलाबाईंचा फोन आला. सुगत रात्रभर खाटेच्या पायाला मिठी मारून होता. ओरडला नाही. फक्त मोजत होता. अकराशे... बाराशे... तेराशे... हाताची नखं निघाली होती. “तू ये,” त्या म्हणाल्या. “जे यायचं थे येऊ दे. मी पाह्यतो त्याच्याकडं.” मागून सुगतचा आवाज आला. “नोका येऊ, मॅडम.” माधवी त्या दिवशी चारला गेली, आणि तेव्हापासून पुन्हा रोज.

मी देवापुढे जे करायचं ते करते. पण पूजेला बसलं की संकल्प म्हणावा लागतो, आणि संकल्पात आपण कुठल्या देशी, कुठल्या नदीकाठी बसलो आहोत ते उच्चारावं लागतं. इतकी वर्षं ते ओठांवर आपोआप यायचं. आता तिथं जीभ अडते. मी ते मनातही म्हणत नाही. तेवढं सोडून पुढे जाते. देव समजून घेईल.

आज दुपारी माधवी ऑफिसातून लवकर आली. भाकरीचे दोन घास खाल्ले. चेहऱ्याला स्कार्फ बांधला. किल्ली घेतली.

निघणाऱ्याला कुठं म्हणून विचारू नये, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात. मी विचारलं नाही. ती दारात क्षणभर थांबली. तिला काही बोलायचं होतं बहुतेक.

मग तिनं गाडी चालू न करताच गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली. आवाज होऊ नये म्हणून.

तिथून रोजच्या रस्त्याला वळली.

चार वाजायला दहा मिनिटं होती.