वार्निश लावलेले पाच बाण

"हे पीठ कोणी सांडलं?" बुधूने ओसरीच्या फरशीवर बोट टेकवलं. आता तो ते चाखणार, तेवढ्यात रंभाने त्याचा हात धरला.

छप्पन सालची दिवाळीची सुट्टी. बारा वर्षांची रंभा, तिचा धाकटा भाऊ बुधू आणि कारकुनाची मुलगी वच्छला आलापल्लीच्या वाटेवरल्या सरकारी बंगल्यात तोरणं बांधायला आली होती. उद्या सकाळी नागपूरचे साहेब येणार होते आणि रंभाचे बाबा, डोमा, त्यांना तिरंदाजी दाखवणार होते. बाण रंभाच्या आजोबांचे. वच्छलाच्या वडिलांनी, गुणवंतरावांनी, ते दोन वर्षांपूर्वी शोभेसाठी मागून आणले, भिंतीवर टांगले आणि गेल्या आठवड्यात वार्निश चोपडून चकचकीत केले.

पिवळसर पीठ नेमकं त्या बाणांखाली होतं.

रंभाच्या घरी बाण चुलीवर टांगलेले असत, धुराने काळेकुट्ट. असं का, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. आज एकदम उमगलं. धूर मिळाला नाही की बांबूला भुंगा लागतो. तिने स्टुलावर चढून एक बाण काढला, बाबांसारखा कानाशी धरून हलकेच वाकवला. आतून चुरचुर आवाज आला.

पोखरलेला बाण सुटतानाच मोडतो आणि त्याची चिरफळी धनुष्य धरलेल्या डाव्या हातात घुसते. सुकलूमामाची दोन बोटं तशीच कायमची वाकडी झाली होती. बाबा तर तळ्यात जाळं फेकून घर चालवत.

गुणवंतरावांना सांगितलं, तर ते हसले. "एवढी चमक दिसून नाई राह्यली काय तुले?"

घरी बाबांना सांगितलं, तर त्यांनी मान खाली घातली. शब्द दिला होता. साहेबांसमोर गुणवंतभाऊंची फजिती कशी करायची? पाचच तर बाण, म्हणाले.

मग वच्छलालाच युक्ती सुचली. संध्याकाळी तिघांनी गुणवंतरावांचं धुतलेलं पांढरं धोतर बाणांखाली अंथरलं आणि कडेने झेंडू मांडले. गुणवंतराव तर आरास पाहून खूशच झाले.

सकाळी साहेब आले, हार झाले. सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे गेल्या. धोतरावर पाच बाणांखाली पाच पिवळ्या ढिगुल्या!

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

गुणवंतराव धोतर झटकायला धावले. रंभा मध्ये उभी राहिली.

"साहेब, बाण आतून पोकळ हायेत. एक वाकवून पाहा."

साहेबांनी वाकवला. कटकन दोन तुकडे झाले. पीठ त्यांच्या कोटावर सांडलं आणि एक चिमुकला काळा भुंगा टायवरून सावकाश वर चढू लागला.

दाराआड बुधू तयारच होता. घरचे पाच काळे बाण घेऊन तो पुढे आला. डोमाने एकेक कानाशी वाकवून ऐकला, मगच मारला. पाचही केळीच्या खांबात रुतले. साहेब म्हणाले, आधी टाळ्या या पोरांसाठी वाजवा.

संध्याकाळी गुणवंतराव उरलेले चार बाण घेऊन रंभाच्या दारात आले.

"बाई," ते रंभाच्या आईला म्हणाले, "तुमची पोरगी माह्यापेक्षा शहाणी हाय. यायले चुलीवर जागा देता का?"

"आता वर नाई, भाऊ," आई म्हणाली. "आत."

डोमाने लोखंडी टोकं नव्या बाणांसाठी काढून ठेवली आणि काड्या रंभाच्या हाती दिल्या. तिने त्या चुलीत सारल्या. धूर वर गेला, तिथे टांगलेल्या काळ्या बाणांपर्यंत. डोमाने आपला डावा हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि हळूच तिच्या डोक्यावर ठेवला.