डीकनकाकांच्या गाडीवरचं तोंड

"बेसबॉलची मॅच रद्द," चर्चचे सेवक आणि यजमान संघाचे प्रमुख डीकन हॅस्केल म्हणाले आणि हातातल्या खेळाडूंच्या यादीनंच वारा घेऊ लागले. "रात्री पाऊस पडला. तिसऱ्या बेसपाशी नुसता चिखल आहे."

व्हर्नेलचा मोठा भाऊ एमस शेजारच्या गावी कामाला होता. आज तो तिथल्या पाहुण्या संघाकडून चेंडू टाकणार होता आणि उद्याच्या रेल्वेनं नव्या कामासाठी शिकागोला जाणार होता. आईनं त्याला कधीच खेळताना पाहिलं नव्हतं. दर रविवारी चर्च सुटलं की ती दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जाई. आज कधी नव्हे ती सुट्टी मिळाली होती, आणि चर्चमधल्याच निळ्या टोपीत ती सगळ्यांच्या आधी येऊन प्रेक्षकांच्या फळीवर बसली होती.

"रात्री पाऊस पडला?" मामेभाऊ क्लीओ कुजबुजला. "मला कसा ऐकू आला नाही? आमचं छप्पर तर पत्र्याचं आहे."

"तू झोपलास की छप्पर उडालं तरी तुला कळत नाही," व्हर्नेलची धाकटी बहीण पीच म्हणाली.

तिघं चिखल बघायला निघाली. वाटेत डीकनकाकांची काळी मोटारगाडी होती. ती रात्रंदिवस तिथेच, उघड्यावर असे. पीच थबकली.

"ताई, तोंड बघ."

काल संध्याकाळी गाडीवरच्या धुळीत तिनं बोटानं एक हसरं, दात पडलेलं तोंड काढलं होतं. ते अजून हसत होतं. धुळीवर एका थेंबाचाही डाग नव्हता.

मग चिखल आला कुठून? कुंपणापाशी गवतात पाण्याचा पाइप पडला होता, आणि त्यातून अजून पाणी वाहत होतं. धूळ बसावी म्हणून काल मैदानावर पाणी मारून डीकनकाका नळ बंद करायचा विसरले होते. व्हर्नेलनं तो बंद केला.

"चल, सगळ्यांना सांगू," क्लीओ म्हणाला.

"अख्ख्या चर्चसमोर? काकांना मेल्याहून मेल्यासारखं होईल," व्हर्नेल म्हणाली.

अंपायर होते चर्चचे पाद्री, रेव्हरंड टॉलिव्हर. सकाळच्या प्रवचनात त्यांनी बायबलमधला नोहाचा प्रलय असा गाऊन सांगितला होता, की बायकांच्या हातातले पंखे जागच्या जागी थांबले होते. व्हर्नेल त्यांच्याकडे गेली.

"रेव्हरंड, मॅच रद्द करायची की नाही, हे ठरवतं कोण?"

"यजमान संघ, पोरी. पण त्यांची यादी माझ्या हातात येईपर्यंतच. मग आभाळाचं आणि मातीचं मीच बघायचं."

व्हर्नेल डीकनकाकांजवळ जाऊन हळूच म्हणाली, "काका, नळ मी बंद केलाय. कुणाला सांगितलं नाही."

यादी हलायची थांबली.

"ती रेव्हरंडना देऊन टाका ना. मग काय ते तेच ठरवतील. तुम्हाला पावसाचं पुन्हा काही बोलावंच लागणार नाही."

काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुला वकील करायला हवं," असं पुटपुटत ते गेले आणि यादी देऊन आले.

रेव्हरंडनी बुटानं चिखल दाबून पाहिला, मान वर केली आणि सकाळच्याच सुरात म्हणाले, "भुसा आणा, लेकरांनो..."

"आणा!" फळ्यांवरून उत्तर आलं.

लाकडाच्या गिरणीतून बादल्या भरभरून भुसा आला. पोरांनी तो पसरला. कोट काढून हातगाडी ढकलत होते स्वतः डीकनकाका.

शेवटच्या डावात शेवटचा गडी उरला आणि खरा पाऊस आला. लोक उठले. आई हलली नाही. तिच्या टोपीचा निळा रंग गालांवर ओघळू लागला. सगळे रेव्हरंडकडे बघत होते. त्यांनी तळहात पुढे धरला, मग त्या निळ्या टोपीकडे पाहिलं.

"एवढ्याशा पावसात नोहानं साधी छत्रीही उघडली नसती," ते म्हणाले. "टाक, बाळ."

एमसनं चेंडू टाकला. बॅट तिसऱ्यांदा नुसती हवेत फिरली; गडी बाद झाला आणि मॅच संपली. आई उठून उभी राहिली ती दोन्ही हात वर करूनच.

गाडीवरचं तोंड आता धुऊन गेलं होतं. पुरावा उरला नव्हता. तरी डीकनकाका भिजत सगळ्यांसमोर आले. "रात्री पाऊस पडलाच नव्हता. नळ मी उघडा ठेवला होता. ह्या तिघांनी मॅच वाचवली आणि माझी लाजही राखली."

"आमेन," रेव्हरंड म्हणाले आणि तिघांच्या ओल्या डोक्यांवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी डीकनकाकांनी एमसला स्टेशनवर त्याच काळ्या गाडीनं सोडलं. जायच्या आधी पीचनं तिच्या दारावर उडालेल्या चिखलात नवं तोंड काढलं होतं, काकांना विचारून.

निळी टोपी मात्र पुन्हा कधी नीट झाली नाही. पुढे एमसनं शिकागोहून दोन नव्या पाठवल्या. आई त्या कपाटात जपून ठेवायची आणि रविवारी तीच जुनी, डागाळलेली घालून चर्चला जायची.